बारा जातींची यादी आणि तीन कुंड्या: नागपुरातल्या एका ब्ल्यूबेरीचं प्रकरण

प्रकरण बेसा भागातल्या एका घराचं आहे. घर स्वतःचं, मागे पंधरा बाय वीस फुटाची मोकळी जागा, जमीन अस्सल काळी, बोरवेल आहे, नळ आहे आणि गच्चीवर ऊन म्हणाल तर मोजायचं कामच नाही. घरचे दोघंच, काकू आणि काकाजी, वर एक भाडेकरू पोरगा. काकू बँकेतून रिटायर झालेल्या, काकाजींची काटोलकडे संत्र्याची बाग, मुलगी-जावई अमेरिकेत उत्तर फ्लोरिडात, जॅक्सनव्हिलजवळ. जावईबापूंच्या बॅकयार्डात ब्ल्यूबेरीची झुडपं आहेत, काकू तिकडे राहून आल्या, रोज सकाळी वाटीभर तोडून खाल्ल्या, आणि परत आल्यावर इथे सुपरमार्केटातली १२५ ग्रॅमची डबी हातात घेऊन भाव बघितला की परत ठेवून देत होत्या. मग ठरलं की आपल्याच अंगणात लावू. जावईबापूंनी व्हॉट्सॲपवर बारा जातींची यादी पाठवली आणि खाली लिहिलं, फ्लोरिडा सबट्रॉपिकल आहे, नागपूर पण गरमच आहे, यातली कोणतीही चालेल. कॉलनीत झाडाचं काही बिघडलं की फोन मलाच येतो, म्हणून यादी माझ्याकडे आली.

यादी अशी: ब्ल्यूक्रॉप, ड्यूक, टिफब्ल्यू, क्लायमॅक्स, पावडरब्ल्यू, ब्राइटवेल, ओनील, सनशाइन ब्ल्यू, मिस्टी, शार्पब्ल्यू, एमराल्ड, बिलॉक्सी.

पहिली चाळणी सगळ्यांना माहीत असते, थंडीचे तास. ब्ल्यूबेरीला हिवाळ्यात ठराविक तास ७ अंशाच्या खाली काढावे लागतात, नाही तर कळ्या नीट उघडत नाहीत. ब्ल्यूक्रॉप आणि ड्यूक या उत्तरेकडच्या हायबुश, म्हणजे उंच झुडपाच्या गटातल्या, यांना ८०० तास आणि वर लागतात. त्या लगेच कटल्या, यावर चर्चाच नको. टिफब्ल्यू, क्लायमॅक्स, पावडरब्ल्यू, ब्राइटवेल या रॅबिटआय गटातल्या, काटक, पण साडेतीनशे ते सातशेच्या मधे कुठेतरी मागणी. ओनील सदर्न हायबुश असूनही चारशेच्या घरात. उरलेल्या पाचही सदर्न हायबुश, म्हणजे उत्तरेकडच्या हायबुशचा फ्लोरिडातल्या व्हॅक्सिनियम डॅरोई नावाच्या रानटी सदाहरित ब्ल्यूबेरीशी संकर करून काढलेल्या, त्यांना १५० ते ३०० सांगतात.

आता नागपूरचं बघा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान १२-१३ अंश. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर गेला होता तो अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ती एक रात्र झाली. ७ च्या खाली जाणाऱ्या रात्री एखाद्या वर्षी बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्यातही पहाटेचे दोन-चार तास, म्हणजे सगळं जमवून तास दोन आकड्यात राहतात, कधी शून्याच्या जवळ. मग १५० वाली जात पण बसत नाही! काकू म्हणाल्या, "म्हणजे नाहीच येत का रे इथे?"

येते, पण वेगळ्या रीतीने. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावर, ला लिबर्टाड भागात, थंडीचे तास जवळपास नसतातच आणि तरी तो देश आज ब्ल्यूबेरी निर्यातीत जगात पहिल्या रांगेत आहे, आणि सुरुवातीला तिथे सगळ्यात जास्त लावली गेली ती बिलॉक्सी. ही जात अमेरिकेच्या सरकारी कृषी संशोधन खात्याने मिसिसिपीतल्या पॉपलरव्हिलला १९९८ मध्ये दिलेली. पेरू देशात झाडाला झोपूच देत नाहीत, हिवाळ्यातही खत-पाणी चालू ठेवतात, पानं गळत नाहीत, आणि झोपलंच नाही तर उठायला थंडी कशाला लागते, असा सगळा हिशेब. दिवस लहान झाले की फुलाच्या कळ्या धरतात, त्यासाठी कडाक्याची थंडी नको, फक्त उष्मा उतरायला पाहिजे. ऑक्टोबर हीट गेल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात नागपूर हे देऊ शकतं. म्हणून तासांचा आकडा शेवटचा शब्द मानू नये, खरं विचारायचं ते हे की ही जात सदाहरित राहून फुलते का. बिलॉक्सी राहते, शार्पब्ल्यू राहते, एमराल्डही बऱ्यापैकी.

पण माझं म्हणणं इथून पुढे सुरू होतं, कारण लोक सगळा अभ्यास हिवाळ्याचा करतात आणि झाड मरतं मे महिन्यात.

जावईबापूंच्या "सबट्रॉपिकल" मधे गफलत होती. उत्तर फ्लोरिडात जानेवारीत रात्री पाणी गोठतं, उन्हाळा ३३-३४ चा, त्यात रोज संध्याकाळी पाऊस, आणि जमीन वाळूची, मुळातच आम्लधर्मी. नागपूरला मे मधे ४३-४४ नेहमीचे, २०१३ च्या मे मधे ४७.९ पण झालेत, हवा कोरडी ठणठणीत, आणि जमीन चुनखडीची काळी. सारखं काय तर दोन्हीकडे घाम येतो.

म्हणून दुसरी चाळणी कॅलेंडरची लावली, आणि मला विचाराल तर आपल्याकडे हीच मोठी. ब्ल्यूबेरीचं फूल ते पिकलेलं फळ हा प्रवास सदर्न हायबुशच्या लवकर येणाऱ्या जातींमधे दोन-अडीच महिन्यांचा, रॅबिटआयमधे तीन-साडेतीन महिन्यांचा. जानेवारीच्या सुरुवातीला फुललेली बिलॉक्सी मार्च संपेपर्यंत मोकळी होते. रॅबिटआय एकतर थंडी अपुरी म्हणून उशिरा आणि तुटक फुलणार, समजा फेब्रुवारीच्या शेवटी फुललीच, तर फळ भरायची वेळ मे-जूनमधे, म्हणजे नवतपाच्या, मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांच्या, तोंडात हिरवी फळं झाडावर. त्यात रॅबिटआयला फळ धरायला दुसऱ्या जातीचा पराग लागतो, एकटीचं भागत नाही, म्हणजे दोन झाडं गुंतणार. चारही कटल्या. सनशाइन ब्ल्यूबद्दल काकूंचा जीव अडकला होता, कारण गुलाबी फुलं, बुटकं सुंदर झाड, थंडी १५० तासच, आणि थोडा जास्त पीएच, म्हणजे थोडी कमी आम्लधर्मी माती, सहन करते असं सगळीकडे लिहिलेलं. पण ती मधल्या-उशिरा हंगामाची, फळं रेंगाळत पिकतात. नीलगिरीतल्या थंड कुन्नूरला असतो तर डोळे मिटून घेतली असती, नागपूरला एप्रिल आड येतो. ओनील लवकर येते पण थंडी जास्त मागते, तीही गेली. उरल्या चार: बिलॉक्सी, मिस्टी, शार्पब्ल्यू, एमराल्ड.

तिसरी गोष्ट जमीन. काकाजींचा आग्रह होता की खड्डा खणून शेणखत भरून सरळ लावू, संत्र्याला चालतं तर याला काहून नाही. मग त्यांच्यासमोर मातीच्या ढेकळावर संडास साफ करायच्या ॲसिडचे दोन थेंब टाकले, फस्स करून फेस आला. हा चुना. ब्ल्यूबेरीला पीएच ४.५ ते ५.५ पाहिजे, आपली काळी माती ७.५ ते ८.५ ची. फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञाने १९१० च्या आसपास हे दाखवून दिलं की ब्ल्यूबेरीला आम्लधर्मी जमीनच लागते, आणि त्याच्यानंतर १९१६ मध्ये एलिझाबेथ व्हाइट यांच्या न्यू जर्सीतल्या शेतातून लागवडीच्या ब्ल्यूबेरीचं पहिलं पीक विकायला गेलं. तोपर्यंत लोक छान खत-चुना घातलेल्या बागेच्या मातीत लावत होते आणि झाडं मरत होती.

गंधक टाकून पीएच उतरवू म्हणाल तर हिशेब करून बघा. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात २८० किलोच्या आसपास माती बसते. त्यात समजा ५ टक्के चुना, म्हणजे १४ किलो. एक किलो चुना मारायला ३२० ग्रॅम गंधक, म्हणजे साडेचार किलो गंधक एका खड्ड्याला, तेही जिवाणू त्याचं आम्ल करणार तेव्हा, महिनोनमहिने. आणि तेवढं करून बाजूची माती पावसात परत चुना आणून देणार. तुरटीचा सल्ला पण कोणीतरी दिला होता, तो ऐकू नका, त्यातलं ॲल्युमिनियम ब्ल्यूबेरीच्या मुळांना त्रास देतं. जमीन बाद. कुंडीच.

कुंडीत काय भरायचं यावर फार वेळ घालवला नाही: चार-पाच वेळा धुतलेलं कोकोपीट निम्मं, पीट मॉस जेवढं परवडलं तेवढं, बाकी धानाचं तूस आणि थोडं परलाइट. तूस भंडारा-गोंदियाकडून भरपूर येतं, स्वस्त. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातलं मीठच पहिल्या महिन्यात पानं जाळतं. काकूंनी सागाचा पाला गोळा करून ठेवला होता, तो नको म्हटलं, त्यात कॅल्शियम बरंच असतं. राख, अंड्याची टरफलं, गांडूळखत, जे जे आपण प्रेमाने प्रत्येक कुंडीत टाकतो ते सगळं इथे बंद.

आता पाणी, आणि सगळा निकाल इथेच लागला. बोरच्या पाण्याचा लॅबचा रिपोर्ट काढला तर अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेला चुनाच म्हणा, लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. एका कुंडीला रोज तीन लिटर दिलं तर पावसाळा सोडून अडीचशे दिवसात सव्वादोनशे ग्रॅम चुना त्या कुंडीत पडतो, पाव किलो समजा. म्हणजे महागाचं पीट मॉस आणून भरा, वर्षभरात आपणच पाणी घालून घालून त्याची काळी माती करतो. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी त्यापेक्षा बरं, पण निव्वळ त्याच्यावर भिस्त ठेवावी असंही नाही.

पावसाचं पाणी मात्र फुकट आणि बिनचुन्याचं. नागपूरला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पडतो, पन्नास चौरस मीटर छतावरून पन्नास हजार लिटर वाहून जातं, अडचण साठवायची. काकूंकडे जागा हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्यांची. हिवाळ्यात झाडाला दिवसाला एक-दीड लिटर, उन्हाळ्यात सावलीत ठेवून चार, सरासरी अडीच धरा. तीन झाडं गुणिले अडीच लिटर गुणिले अडीचशे दिवस, १८७५ लिटर. दोन टाक्या, तीन झाडं. मी काकूंना म्हटलं जातींची यादी बाजूला ठेवा, तुमच्या घरी ब्ल्यूबेरी किती येणार हे टाक्यांनी ठरवलंय. त्यांना बारा पाहिजे होती, एकेक प्रत्येक जातीचं, दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

तीनच घ्यायची तर कोणती? दोन बिलॉक्सी यावर वाद नव्हता. तिसरं वेगळ्या जातीचं पाहिजे, कारण सदर्न हायबुश स्वतःच्या परागावर फळ धरते पण शेजारी दुसरी जात असली की फळ मोठं होतं आणि लवकर पिकतं. एमराल्डचं फळ मोठं आणि झाड जोमदार, पण खात्रीचं रोप मिळेना. शार्पब्ल्यू फ्लोरिडा विद्यापीठाची जुनी जात, मला तीच पाहिजे होती, नर्सरीवाला "येऊन राहिली, येऊन राहिली" म्हणत राहिला. मिस्टी हातात होती. मिस्टीची खोड अशी की थंडी कमी मिळाली की कळ्या फार धरते आणि पानं फुटत नाहीत, सगळं झाड फुलाचं, मग फळ पोसायला पान कुठून. हे माहीत असूनही घेतली, कारण कळ्या खुडणं आपल्या हातात आहे.

रोपं घेताना लेबलवर जाऊ नका. "ऑल टाइम ब्ल्यूबेरी", "हायब्रिड ब्ल्यूबेरी" असं लिहिलेलं रोप म्हणजे जातीचं नावच नाही, बियांपासूनचं असेल तर आईसारखं निघणारही नाही. जातीचं नाव, कटिंग की टिश्यू कल्चर, हे विचारायचं, सांगता येत नसेल तर पुढे चला. फुलावर असेल तर उलट्या टांगलेल्या छोट्या पांढऱ्या सुरईसारखं फूल दिसतं, फळाच्या टोकाला मुकुट असतो, दुसऱ्याच कुठल्या झाडाला ब्ल्यूबेरी म्हणून विकलं असेल तर इथेच पकडलं जातं. जावईबापू म्हणाले मी सुटकेसमधून कलमं आणतो. अजिबात नको, २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं सर्टिफिकेट लागतं, विमानतळावर कस्टमवाल्यांसमोर उभं राहून काय सांगणार.

रोपं ऑक्टोबरच्या शेवटी आणली. फेब्रुवारीत आणली असती तर मुळं धरायच्या आधी उन्हाळा. कुंड्या ४० लिटरच्या, पांढऱ्या, विटांवर ठेवलेल्या, पूर्वेच्या भिंतीला, म्हणजे अकरा-साडेअकरापर्यंत ऊन आणि मग घराची सावली. काळी कुंडी मे मधे हात लावू देत नाही, आणि ब्ल्यूबेरीची मुळं वरच्या वीतभरातच असतात, बारीक, त्यांना मूळरोम नसतात, ती आधी उकडतात. खत म्हणजे महिन्याला चहाचा चमचाभर अमोनियम सल्फेट, दोन-तीन हप्त्यात पाण्यातून. याला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात आवडतो, नायट्रेटच्या नाही, आणि साधं म्युरेट ऑफ पोटॅश टाकू नये, क्लोराइड सहन होत नाही.

नोव्हेंबरात काकाजी मैदानात उतरले. संत्र्याच्या माणसाला बहार म्हणजे ताण, आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडायचं, झाड सुकवायचं, मग पाणी दिलं की फुलच फूल. त्यांनी काकूंना न विचारता पाणी बंद करायचं ठरवलं होतं. मला कळलं तेव्हा बसून बोललो. संत्र्याची मुळं खोल काळ्या मातीत, तिथे पाणी तोडलं तरी जमीन हप्तेच्या हप्ते ओल सोडत राहते, झाडाला हळूहळू कळतं. इथे चाळीस लिटरच्या तुसात चार दिवसात सगळं कोरडं. शिवाय ब्ल्यूबेरीची कळी दिवस लहान झाल्याने धरते, आणि त्याच दिवसात पाणी तोडलं तर कळ्या कमी होतात. आणि आपण तर झाडाला झोपू न देण्याच्या रीतीने चाललोय, पानं टिकली पाहिजेत. काकाजी म्हणाले, "पस्तीस वर्षं बाग करून राहिलो मी," आणि पाणी चालू ठेवलं.

पहिल्या हिवाळ्यात जी फुलं आली ती सगळी खुडली, काकूंच्या हाताने, मोठ्या नाराजीने. झाड आधी वाढू द्यायचं. एप्रिलपासून वर ५० टक्क्यांची हिरवी नेट, कुंडीवर तुसाचा जाड थर, पाणी सकाळी आणि नवतपात संध्याकाळी पण. पानांच्या कडा करपल्या, वाढ थांबली, तिन्ही जगली.

मे मधेच घोटाळा झाला तो वेगळा. काकू-काकाजी लग्नाला पुण्याला गेले, वरच्या भाडेकरू पोराला झाडांना पाणी घालायला सांगितलं, त्याने मोठ्या कामाचं डोकं लावून कूलरच्या टाकीतलं पाणी काढून घातलं. कूलरमधे पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, आठवडाभराचं कूलरचं पाणी म्हणजे बोरच्या पाण्याचा काढा. परत आले तर नवीन पानं पिवळी, शिरा हिरव्या. आणि हे काकाजींनीच ओळखलं, बघताबरोबर म्हणाले हे तर आमच्या चुनखडीच्या पट्ट्यातल्या संत्र्यासारखं आहे, लोह मिळून नाही राहिलं. बरोबर होतं. लोह कुंडीत असतं, पीएच चढला की झाडाला घेता येत नाही. पावसाच्या पाण्याने कुंड्या दोनदा भरपूर धुतल्या, खालून पाणी वाहू दिलं, आणि ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह दिलं, कारण जास्त पीएचला तेच टिकतं. जूनचा पाऊस लागल्यावर नवीन पानं हिरवी आली. धुण्यात टाकी बरीच रिकामी झाली, म्हणून शेवटचे दोन आठवडे बोरच्या पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून काढले, दहा लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास आणि पीएच मीटरने बघून. हे थोड्या दिवसांसाठी ठीक, कायमचं नाही, कारण जिवाणू सायट्रिक खाऊन टाकतात आणि दाबलेली अल्कलिनिटी परत वर येते. एसीच्या पाइपातून टपकणारं पाणी मात्र चालतं, त्यात क्षार जवळपास नसतातच, काकूंनी आता त्याखाली बादली लावली आहे.

छाटणी मृगाचा पाऊस लागल्यावर केली, मे मधे कात्री लावली असती तर उघड्या फांद्या भाजल्या असत्या. जुलै-सप्टेंबरमधे जे फुटतं त्यावरच पुढच्या हिवाळ्याचं फूल येतं.

दुसऱ्या हिवाळ्यात दोन्ही बिलॉक्सी डिसेंबरच्या शेवटी फुलल्या, पानं अंगावर ठेवूनच. मिस्टीने अपेक्षेप्रमाणे काड्याकाड्यांवर कळ्या लावल्या, अर्ध्याहून जास्त खुडल्या तेव्हा कुठे पानं फुटली, तरी जानेवारीचा मध्य गेला. म्हणजे बिलॉक्सी आणि मिस्टीची फुलं एकत्र असण्याचा काळ थोडाच राहिला, परागासाठी तिसरं झाड घेतलं त्याचा फायदा निम्मा. काळे भुंगे येत होते, त्यांचा गुणगुणाट या फुलाला फार उपयोगी, परागकण हलवले की चांगले पडतात. बाजूला वांगी लावलेली होती, भुंगे त्याच्यासाठी आधीपासून येत होते, ते कामाला आलं. मार्चमधे बुलबुल लागले, मच्छरदाणी टाकली.

उत्पन्न सांगायचं तर दोन्ही बिलॉक्सी मिळून मार्चभर दर दोन दिवसांनी मूठ-मूठभर, मिस्टी त्याच्या निम्म्याने आणि शेवटची फळं एप्रिलच्या उन्हात मऊ पडली. चव चांगली, पण निळी दिसली की लगेच तोडायची घाई केली तर आंबट, देठाजवळचा लालसरपणा जाईपर्यंत तीन-चार दिवस थांबावं लागतं, तोडल्यावर ती गोड होत नाही. डबीच्या भावाशी हिशेब लावला तर टाक्यांचे पैसे निघायला काही वर्षं जातील, काकूंना त्याचं काही नाही. जांभळ्या फळांची हौस स्वस्तात पाहिजे असेल तर तुती आणि फालसा आपल्या काळ्या मातीत बोरच्या पाण्यावर मजेत येतात, एक तुती आम्ही कुंपणाला लावलीच, तिची निगा कोणी राखत पण नाही तरी पोरं झाडाखालून हलत नाहीत.

या पावसाळ्यात मिस्टी काढून तिथे शार्पब्ल्यू लावायची, रोप एका ठिकाणी बघून ठेवलंय. मिस्टी शेजारच्या वहिनी मागताहेत, त्यांच्याकडे एसी आहे. चौथी कुंडी काकूंना हवी आहे, मोटरीच्या बाजूला तिसऱ्या टाकीपुरती जागा निघते, फक्त तिथे छताचा पाइप वळवावा लागेल. प्लंबर येऊन बघून गेला, दर जास्त सांगतो म्हणून काकाजी दुसरा शोधताहेत.